गृहारोग्य : पोटावरील द्वार आणि घरांतील पंगत

कांहीं दुखणीं अशीं असतात कीं, त्यांचें नांव घरांत मोठ्यानें उच्चारतां येतें. मधुमेह, रक्तदाब, संधिवात यांची चर्चा तर लग्नाच्या मांडवांतही रंगते. परंतु कांहीं दुखण्यांचा विषय निघाला म्हणजे माजघरांतला आवाजही आपोआप खालीं येतो. मलमूत्राचा नैसर्गिक मार्ग सोडून पोटावर नवें द्वार करून घ्यावें लागणें हें अशांपैकींच एक होय. या विषयावर लिहावें अशी सूचना करणारीं पत्रें आमच्याकडे मधूनमधून येतात. त्यांपैकीं बहुतेकांवर सही नसते, आणि "घरांत कोणाला विचारावें तें कळत नाहीं" हें एक वाक्य या ना त्या रूपानें जवळजवळ प्रत्येकांत असतें. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आपलें काम उत्तम रीतीनें करून रोग्यास घरीं पाठवितो. खरी अडचण त्यानंतर, घराच्या उंबरठ्याच्या आंत सुरू होते. म्हणून यंदाचें हें प्रकरण आम्हीं रोग्याइतकेंच त्याच्या घरांतील मंडळींस उद्देशून लिहीत आहों.

प्रथम वस्तुस्थिति समजून घेऊं. आंतड्याचें टोंक पोटाच्या भिंतींतून बाहेर काढून त्वचेस शिवून टाकतात, तेथें जें द्वार तयार होतें त्यास वैद्यक भाषेंत स्टोमा म्हणतात. मोठ्या आंतड्याचें असें द्वार केलें तर ती कोलोस्टोमी, लहान आंतड्याच्या शेवटच्या भागाचें केलें तर इलिओस्टोमी, आणि मूत्राशय काढून टाकावें लागल्यामुळें लघवी बाहेर नेण्यासाठीं केलें तर ती युरोस्टोमी. गुदाशयाचा किंवा मूत्राशयाचा कर्करोग, आंतड्यास दीर्घकाळ येणारी सूज व व्रण, आंतड्यास पडलेला पीळ किंवा छिद्र, अपघात, आणि कांहीं बालकांत जन्मतःच गुदद्वार नसणें, हीं त्याचीं नेहमींचीं कारणें होत. कित्येकांचें द्वार तात्पुरतें असतें. खालचें आंतडें भरून आलें कीं कांहीं महिन्यांनीं तें पुन्हां जोडून पोट बंद करतात. इतरांस तें जन्मभराचें सोबती होतें.

ही कल्पना आजकालची नव्हे. फ्रान्समधील ब्रेस्त येथें १७९३ सालीं द्यूरे नांवाच्या शल्यविशारदानें जन्मतः गुदद्वार नसलेल्या एका तीन दिवसांच्या बालकाच्या पोटावर असें द्वार केलें, आणि तें बालक पुढें पंचेचाळीस वर्षें जगलें. शस्त्रक्रियेनें प्राण वाचत गेले. परंतु वाचलेल्या माणसानें चारचौघांत कसें वावरावें हा प्रश्न पुढें फार काळ तसाच राहिला. धातूचीं भांडीं, कापडाच्या घड्या, रबराच्या पिशव्या असे नाना उपाय लोक करीत. १९५४ सालीं डेन्मार्कमधील एलिझे सोरेन्सन या परिचारिकेनें, आपल्या बहिणीस लाजेनें घराबाहेर पडवत नाहीं हें पाहून, पोटास चिकटून बसणारी आणि वापरून टाकून देतां येणारी प्लॅस्टिकची पिशवी कल्पिली. आज बाजारांत मिळणाऱ्या सर्व पिशव्या त्या एका कल्पनेच्या लेंकी-सुना आहेत. सांगावयाचें तात्पर्य हें कीं, या दुखण्यांतील मोठी सुधारणा एका घरच्या माणसाच्या कळवळ्यांतून झाली.

शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर तिच्या आधींच एक गोष्ट अवश्य करावी. द्वार पोटावर नेमकें कोठें यावें याची खूण डॉक्टर किंवा या कामांत तयार झालेली परिचारिका आधीं शाईनें करून ठेवते. रोग्यास उभें करून, बसवून व वांकवून पाहून, जेथें पोटाची घडी पडत नाहीं आणि जी जागा रोग्यास स्वतःच्या डोळ्यांनीं दिसते, अशी जागा निवडावयाची असते. त्या वेळीं संकोच न करितां आपल्या राहणीची माहिती द्यावी. आपण जमिनीवर मांडी घालून जेवतों; पूजेस तासभर पाटावर बसतों; नऊवारीच्या निऱ्या अमुक ठिकाणीं खोंचतों; परकराची नाडी किंवा धोतराची गांठ अमुक रेषेवर येते; हें डॉक्टरांस आपण होऊन कळणार नाहीं. नेहमींचें वस्त्र नेसूनच ही खूण करून घेतली तर उत्तम. गांठीच्या नेमक्या खालीं आलेलें द्वार पुढें दररोज त्रास देतें, आणि तो त्रास दोन बोटें जागा बदलल्यानें टळला असतां.

शस्त्रक्रियेनंतर प्रथम दृष्टीस पडणारें द्वार पाहून पुष्कळांस भोंवळ येते. तें लालसर गुलाबी व ओलसर दिसतें. ओंठाच्या आंतल्या बाजूसारखें म्हटलें तर कल्पना येईल. वेदना जाणणारे मज्जातंतू त्यांत नसल्यामुळें स्पर्श केला तरी तें दुखत नाहीं. धुतांना क्वचित् रक्ताचा एखादा थेंब दिसतो, त्यास भिण्याचें कारण नाहीं. आरंभीं तें सुजलेलें असतें व साधारणतः सहा ते आठ आठवड्यांत आकसतें. म्हणून या अवधींत दर खेपेस त्याचें माप घ्यावें. पिशवीच्या चिकटणाऱ्या चकतीस पाडलेलें भोंक द्वारापेक्षां केवळ दोन-तीन मिलिमीटर मोठें असावें. तें फार मोठें झालें तर उघड्या राहिलेल्या त्वचेवर मल लागून ती सोलवटते. फार लहान झालें तर द्वारासच घांसतें. त्वचा सोलवटली कीं चकती चिकटत नाहीं, चकती चिकटली नाहीं कीं गळते, आणि गळती लागली कीं त्वचा आणखी सोलवटते. या रहाटगाडग्यांतून सुटण्याचा उपाय एकच : माप बरोबर ठेवणें.

पिशवी बदलण्यास सकाळची, कांहीं खाण्यापिण्यापूर्वींची वेळ चांगली; त्या वेळीं आंतडें बहुधा शांत असतें. लागणारें सर्व सामान आधीं हाताशीं मांडून घ्यावें. जुनी चकती ओरबाडून न काढतां एका हातानें त्वचा दाबून धरावी व दुसऱ्या हातानें चकती वरून खालीं हळूहळू सोडवावी. त्वचा कोमट साध्या पाण्यानें धुवावी आणि मऊ कापडानें टिपून पूर्ण कोरडी करावी. नवी चकती तळहातानें कांहीं वेळ दाबून धरावी, म्हणजे अंगाच्या उबेनें ती नीट बसते. चकती सामान्यतः तीन-चार दिवसांनीं बदलावी लागते. परंतु तिच्याखालीं खाज, जळजळ किंवा ओल जाणवली तर ठरलेल्या दिवसाची वाट पाहूं नये. पिशवी मात्र एक तृतीयांश ते अर्धी भरली कीं रिकामी करावी. गच्च भरूं दिल्यास तिच्या वजनानें चकती उचलली जाते. वायूनें फुगलेल्या पिशवीस टांचणीनें भोंक पाडण्याची युक्ति कोणी सुचविली तर ती ऐकूं नये. वायु जातो आणि त्याबरोबर दुर्गंधीही कायमची मोकळी होते. दुर्गंधीसाठीं पिशवींत घालावयाचे थेंब मिळतात, व कित्येक पिशव्यांस कोळशाची गाळणीही असते.

येथें आमच्या घरगुती औषधीज्ञानास थोडा आवर घालावयास हवा. त्वचा लाल दिसली कीं खोबरेल तेल लावावें, साय चोळावी, हळद भरावी, सुगंधी पावडर टाकावी, अशी आपली सहजप्रवृत्ति असते. यांपैकीं प्रत्येक पदार्थ चकती चिकटूं देत नाहीं. स्निग्ध किंवा सुवासिक साबणही त्याच कारणास्तव वर्ज्य. दिवाळीच्या अभ्यंगस्नानास कांहींच हरकत नाहीं. मात्र तेल आणि उटणें चकतीपासून चार बोटें दूर ठेवावें, आणि नवी चकती लावावयाची असेल तर ती अभ्यंगाच्या दिवशीं न लावतां दुसऱ्या दिवशीं लावावी. एरव्हीं स्नान पिशवीसह करावें किंवा काढून करावें, दोन्ही चालतें. पाणी आंत शिरून अपाय होत नाहीं.

आतां आहाराविषयीं. ही गोष्ट स्वयंपाकघर ज्यांच्या हातीं आहे त्यांनीं नीट वाचावी, कारण कोलोस्टोमी आणि इलिओस्टोमी यांस एकच पथ्य लावण्याची चूक घरोघर होते. मोठ्या आंतड्याच्या डाव्या भागाचें द्वार असेल तर मल बहुधा नेहमींसारखा घट्ट येतो. अशा माणसास जखम भरून आल्यावर घरांतील बहुतेक सर्व अन्न चालतें. फळें, पालेभाज्या, पुरेसें पाणी यांची त्यास उलट गरजच असते, नाहीं तर मलावरोध होतो. वाल, चवळी, मटकीची उसळ, कोबी, मुळा यांनीं वायु वाढतो; कांदा-लसणानें वास वाढतो; ताक व दही यांनीं तो कमी होतो असा पुष्कळांचा अनुभव आहे. परंतु एकास बाधणारें दुसऱ्यास बाधतेंच असें नाहीं. एका वेळीं एकच नवा पदार्थ थोड्या प्रमाणांत खाऊन पाहावा आणि वहींत टिपून ठेवावें. अशा कित्येकांस एक दिवसाआड ठराविक वेळीं द्वारांतून पाणी सोडून आंतडें धुवून घेण्याची पद्धति शिकवितात. तीमुळें मधला काळ जवळजवळ निर्वेध जातो. मात्र ती डॉक्टरांच्या अनुज्ञेनें व जाणत्या परिचारिकेकडूनच शिकावी.

इलिओस्टोमीची गोष्ट निराळी. अन्नांतील पाणी आणि मीठ शोषून घेण्याचें काम मोठें आंतडें करतें; तेंच मार्गांतून वगळल्यावर मल पातळ येतो आणि त्यासरशी शरीरांतील पाणी व मीठ वाहून जातें. दिवसाकांठीं अर्धा ते पाऊण लिटर स्राव येणें स्वाभाविक समजावें. पहिले सहा आठवडे तरी मऊ भात, पेज, वरण, उकडलेला बटाटा, पिकलें केळें, ताक असा चोथा कमी असलेला आहार ठेवावा. पुढें हळूहळू वाढवावा. पण मक्याचे दाणे, ओल्या खोबऱ्याचे तुकडे, शेंगदाणे, अळंबी, संत्र्याच्या फोडींवरील पापुद्रे, फळांच्या सालीं आणि कच्च्या कोशिंबिरी यांविषयीं सदैव सावध असावें. हे पदार्थ न पचतां गोळा होऊन अरुंद द्वाराशीं अडकतात. ज्यांस ते खावेसेच वाटतात त्यांनीं थोडे घ्यावे व अगदीं पीठ होईपर्यंत चावावे. स्राव फार पातळ झाल्यास भात, केळें, बटाटा आणि आपला उपवासाचा साबुदाणा हे पदार्थ त्यास घट्टपणा आणतात. बीट खाल्ल्यावर स्राव लाल दिसतो, तो रक्त समजून घाबरूं नये. आणि घरांतील वडीलधाऱ्या बायकांस आमची हात जोडून विनंति आहे कीं, इलिओस्टोमी असलेल्या माणसास एरंडेल, त्रिफळा किंवा दुसरें कोणतेंही रेचक "पोट साफ राहावें" म्हणून कधींही देऊं नये. सावकाश विरघळणाऱ्या किंवा जाड आवरणाच्या गोळ्याही त्याच्या पोटांतून जशाच्या तशा बाहेर पडण्याचा संभव असतो. म्हणून प्रत्येक नव्या औषधाच्या वेळीं आपल्या द्वाराची माहिती डॉक्टरांस द्यावी.

उपवासाचा प्रश्न यांतूनच निघतो. फराळाचा उपवास कोलोस्टोमी असलेल्यांनीं बेताने केला तर चालेल. परंतु इलिओस्टोमी किंवा युरोस्टोमी असलेल्यांनीं हरितालिकेचा अथवा एकादशीचा निर्जळी उपवास करूं नये, असें आम्ही निःसंदिग्धपणें सांगतों. युरोस्टोमी असलेल्यास दररोज सुमारें दोन लिटर पाणी पोटांत जाणें आवश्यक असतें. तें कमी पडलें तर लघवी दाट होऊन जंतूंचा प्रादुर्भाव होतो. इलिओस्टोमी असलेल्यानें स्राव वाढला असतां नुसतें साधें पाणी भराभर पिऊं नये. त्यानें मीठ आणखीच धुवून जातें. एक लिटर स्वच्छ पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून, अथवा औषधांच्या दुकानांत मिळणारी जलसंजीवनी घेऊन, ती घोट घोट प्यावी. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल त्यांनीं मिठाचें प्रमाण आधीं डॉक्टरांस विचारून ठरवावें.

या ठिकाणीं आमच्या परिचयाच्या एका घरांतील हकीकत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. शाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ इलिओस्टोमी करून घरीं परतले. घर तीन पिढ्यांचें, आणि सर्वजण मनानें चांगले. दोन-तीन महिन्यांत आजोबांचें जेवण कमी होत चाललें. रात्रीं तर ते चार घांस खाऊन उठूं लागले, आणि दिवेलागणीनंतर पाण्यास स्पर्श करीनात. सुनेनें पथ्याचे नाना प्रकार करून पाहिले. थोरल्या मुलानें "वयच झालें आतां" म्हणून समजूत करून घेतली. एके पहाटे आजोबा घेरी येऊन पडले. रुग्णालयांत कळलें कीं शरीरांतील पाणी व मीठ इतकें घटलें होतें कीं मूत्रपिंडांवर ताण आला होता. पुढें त्यांच्या नातीनें त्यांच्यापाशीं बसून हळूहळू खरें कारण काढून घेतलें. आजोबांची खोली घराच्या एका टोंकास व संडास दुसऱ्या टोंकास. मध्यें दिवाणखाना, आणि तेथें रात्रीं नातवंडें व आलागेला पाहुणा झोंपलेला. रात्रीं दोन वेळां पिशवी रिकामी करण्यासाठीं दिवा लावून, सर्वांच्या अंथरुणांतून वाट काढीत जावयाचें, याची त्यांस इतकी लाज वाटे कीं, पोटांत कांहीं घातलेंच नाहीं तर बाहेर कांहीं येणार नाहीं असा हिशेब त्यांनीं मांडला होता.

हा हिशेब शरीरशास्त्रास मान्य नाहीं. माणूस उपाशी राहिला तरी आंतड्याचे रस पाझरतच असतात; शिवाय रिकाम्या आंतड्यांत वायु अधिक धरतो. म्हणजे भूक मारून पिशवी रिकामी राहत नाहीं, शरीर मात्र रिकामें होतें. त्या घरानें केलेला उपाय औषधाचा नव्हता. थोरल्या मुलानें संडासालगतची आपली खोली वडिलांस दिली, रात्रीं मंद दिवा तेवत ठेवण्याची व्यवस्था केली, आणि रात्रीचें मुख्य जेवण सातच्या आंत आटोपण्याचें ठरविलें. महिनाभरांत आजोबा पुन्हां पोळीस तूप मागूं लागले. द्वार असलेला माणूस जेव्हां कमी खाऊं लागतो, तेव्हां त्याच्या पथ्याचा विचार करण्याआधीं त्याच्या खोलीपासून संडासापर्यंतची वाट घरच्यांनीं एकदां स्वतः चालून पाहावी.

दुसरा नाजूक प्रश्न सोंवळ्याचा. कित्येक घरांत द्वार असलेल्या माणसास कोणी उघड कांहीं बोलत नाहीं. पण त्याचें ताट-वाटी हळूच निराळी होते, पंगतींत त्याचें पान टोंकास मांडलें जातें, आणि देवघरांतील पूजा "तुम्हांला दगदग नको" म्हणून धाकट्या भावाकडे जाते. शास्त्रार्थाचा वाद येथें घालण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु एवढें विचारावेंसें वाटतें कीं, जें त्या पिशवींत आहे, तें पंगतींतील प्रत्येकाच्या पोटांत नाहीं काय? फरक इतकाच कीं इतरांचें आंतड्यांत बंद आहे आणि त्याचें तसल्याच बंद पिशवींत आहे. स्टोमा हा संसर्गजन्य रोग नव्हे. त्याच्या ताटांत जेवल्यानें, त्याच्या अंथरुणावर बसल्यानें, त्याचे कपडे इतरांच्या कपड्यांत धुतल्यानें कोणास कांहीं होत नाहीं. ज्यांस सोंवळें मनापासून पाळावयाचें आहे त्यांसही मार्ग आहे : पहाटे पिशवी रिकामी करावी, जरूर तर बदलावी, हातपाय धुवून स्नान करावें, आणि मग सोंवळें नेसून खुशाल पूजेस बसावें. शस्त्रक्रियेची जखम भरून आल्यावर मांडी घालून बसण्यास किंवा डॉक्टरांच्या संमतीनें साष्टांग नमस्कार घालण्यास स्टोमाची आडकाठी नाहीं. पिशवी तेवढी आधीं रिकामी असावी. ज्यानें चाळीस वर्षें घरची पूजा केली, त्याच्या हातून ती दगदगीच्या नांवाखालीं काढून घेणें हें त्याच्या दुखण्यापेक्षां मोठें दुखणें आहे.

उलट दिशेचीही एक चूक होते. प्रेमापोटीं घरांतील माणसें रोग्याचें सर्व कांहीं आपल्या अंगावर घेतात. पत्नी पिशवी बदलते, मुलगी ती रिकामी करते, आणि रोगी डोळे मिटून पडून राहतो. पहिले आठ-पंधरा दिवस हें ठीक. त्यापुढें मात्र हात चालत असतील त्यानें स्वतःचें काम स्वतः शिकावें. ज्यास आपली पिशवी स्वतः बदलतां येते तो एकटा गांवास जाऊं शकतो; ज्यास येत नाहीं तो पत्नीच्या पदरास बांधला जातो, आणि ती त्याच्या. घरांतील आणखी एकानें ही क्रिया शिकून ठेवावी, म्हणजे ताप-खोकल्याच्या दिवशीं अडणार नाहीं. लहान मुलांनीं विचारलें तर दडवादडवी करूं नये. "आजीचें पोट बिघडलें होतें, म्हणून डॉक्टरांनीं शी बाहेर येण्यास नवी वाट करून दिली," एवढें सांगितलें कीं मुलें समाधान पावतात व खेळावयास जातात. तरुण जोडप्यांस विशेष सांगावयाचें तें हें कीं, द्वारामुळें दांपत्यजीवन संपत नाहीं. पिशवी आधीं रिकामी करावी, तीवर मऊ कापडाचें आवरण घालावें, आणि भीति असेल ती एकमेकांपाशीं बोलून दाखवावी. गुदाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर कांहींच्या बाबतींत मज्जातंतूंस धक्का पोंचून अडचण येते. तिच्यावरही उपाय असतात, म्हणून डॉक्टरांस विचारण्याची लाज धरूं नये. द्वार असलेल्या स्त्रियांस अपत्यें झाल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत.

आणखी कांहीं व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यांत सांगतों. पहिले दोन-तीन महिने पाण्याची कळशी, गव्हाचा डबा, गॅसची टांकी असें जड कांहीं उचलूं नये, नाहीं तर द्वाराच्या कडेनें आंतडें बाहेर येऊं पाहतें. पुढेंही असलें वजन उचलण्याचा प्रसंग दुसऱ्यावर सोंपवावा. खोकतांना, शिंकतांना तळहातानें पोटास आधार द्यावा. चालण्याचा व्यायाम सर्वांत उत्तम. वापरलेली पिशवी संडासांत टाकूं नये, नळ तुंबतो. आंतील मल संडासांत ओतून, पिशवी कागदांत व मग दुसऱ्या पिशवींत घट्ट गुंडाळून कचऱ्यांत द्यावी. कचरा उचलणारा माणूसही माणूसच आहे, हें बांधतांना ध्यानांत असावें. प्रवासास निघतांना जितक्या पिशव्या लागतील असें वाटतें त्याच्या दुप्पट घ्याव्या, आणि त्या जवळच्या हातपिशवींत ठेवाव्या. विमानांत कात्री जवळ ठेवूं देत नाहींत, म्हणून चकत्या घरींच कापून घ्याव्या. उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत सामान ठेवल्यास चकतीचा चिकटा वितळतो. कित्येकांस गुदाशय काढल्यानंतरही शौचास जाण्याची इच्छा झाल्याचा भास होतो, आणि ज्यांचा गुदाशय जागेवर आहे त्यांस खालून अधूनमधून चिकट स्राव येतो. दोन्ही स्वाभाविक आहेत. युरोस्टोमीच्या लघवींत पांढरट शेंबडासारखे धागे दिसतात, तेही आंतड्याच्या तुकड्यांतून येतात, पू नव्हे. रात्रीं निजतांना तिच्या पिशवीस मोठी पिशवी जोडून ठेवली म्हणजे झोंप मोडत नाहीं.

पुढील लक्षणें मात्र दिसतांच घरगुती उपाय न करितां तडक रुग्णालय गांठावें. द्वाराचा रंग जांभळा, काळा किंवा अगदीं फिकट पांढरा होणें. द्वाराच्या आंतून रक्त येणें व तें न थांबणें. इलिओस्टोमींतून चार-सहा तास कांहींच न येतां पोटांत कळा व उलट्या सुरू होणें. दिवसाचा स्राव दीड लिटरवर जाऊन तोंडास कोरड, भोंवळ व लघवी कमी होणें. द्वार एकाएकीं लांब बाहेर येणें किंवा आंत ओढलें जाणें. युरोस्टोमी असलेल्यास थंडी वाजून ताप येणें. यांपैकीं कशासही "उद्यां सकाळीं पाहूं" म्हणूं नये.

मुंबईच्या परळ भागांतील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं सुरू झालें. कर्करोगाचे उपचार करणाऱ्या अशा मोठ्या रुग्णालयांतून आज स्टोमाच्या देखभालीचें स्वतंत्र शिक्षण घेतलेलीं माणसें असतात. शस्त्रक्रिया अन्यत्र झाली असली तरी त्यांचा सल्ला घेण्यास प्रत्यवाय नसावा. मुंबईंत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही द्वारधारकांची संस्थाही आहे. अशा संस्थांतून, ज्यानें स्वतः अनेक वर्षें ही पिशवी वागविली आहे असा माणूस नवख्यापाशीं येऊन बसतो, आणि डॉक्टरांस सांगतां न येणाऱ्या शंभर बारीक गोष्टी त्यास सांगतो. पिशव्यांचा खर्च दरमहा चालू राहणारा असतो, हें आम्ही जाणतों. म्हणून किराण्याच्या यादींत तेलातांदळाइतक्याच सहजतेनें त्यांचीही नोंद घरच्यांनीं आपण होऊन करावी. दर महिन्यास मुलापाशीं हात पसरण्याची वेळ वडिलांवर येऊं देऊं नये.

ज्या पत्रांवर सही नव्हती त्यांच्या लेखकांस आमचें इतकेंच सांगणें आहे कीं, हें पान ज्यांस दाखवावयाचें असेल त्यांच्यासमोर तें उघडें करून ठेवावें. तोंडानें बोलणें जड जात असेल तर वाचावयास देणें हाही बोलण्याचाच एक प्रकार आहे. आणि ज्यांच्यासमोर हें पान ठेवलें गेलें असेल त्यांनीं तें वाचून निमूटपणें मिटून ठेवूं नये. आज रात्रीच्या पंगतींत त्या माणसाचें पान मधोमध मांडावें, आणि आग्रह करून वाढावें.